साठीनंतरची त्वचा: ट्यूबचा नव्हे, ग्रॅमचा भाव बघा

मेडिकलच्या दुकानात क्रीमचं कुठलंही खोकं हातात घ्या आणि एमआरपीच्या शेजारी छापलेला बारीक आकडा वाचा. एका ग्रॅमला किंवा एका मिलीला किती पैसे पडतात, ते तिथे लिहिलेलं असतं. वजनमापाच्या नियमांनुसार उत्पादकाला ते छापावं लागतं. वाढत्या वयाच्या सुरकुत्यांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या ५० ग्रॅमच्या डबीवर हा आकडा १५-२० रुपयांच्या घरात सापडेल. त्याच फळीच्या खालच्या कप्प्यात ४०० मिलीच्या साध्या लोशनची बाटली असते, तिच्यावर ८० पैशांच्या आसपास. साठी ओलांडलेल्या माणसाची त्वचा नीट राखायला किती खर्च येतो, याचं निम्मं उत्तर या दोन आकड्यांत आहे. उरलेलं निम्मं असं, की कोणती गोष्ट भरपूर लागते आणि कोणती चिमूटभर, हे आधी ओळखायचं. भरपूर लागते ती स्वस्तातली घ्यायची आणि हात न आखडता लावायची. चिमूटभर लागते तिच्यावर थोडे जास्त पैसे गेले तरी चालतात. आपल्याकडे बहुतेक घरांत नेमकं उलटं होतं. मुलगी हौसेनं आईला हजार रुपयांची डबी आणून देते, आई ती संपू नये म्हणून बोटाच्या टोकावर घेऊन पुरवून पुरवून लावते, आणि नडग्या मात्र कोरड्याच राहतात.

वय वाढतं तशी त्वचा पातळ होते, तिच्यातला तेलकटपणा कमी होतो आणि पाणी धरून ठेवणारे स्निग्ध घटक घटतात. बायकांमध्ये हा बदल पाळी गेल्यावर झपाट्यानं होतो. त्यानंतरच्या पहिल्या ५ वर्षांतच त्वचेतलं कोलॅजेन सुमारे ३० टक्क्यांनी घटतं. ओरखडा उशिरा भरतो, हलक्याशा धक्क्यानं हातावर जांभळे डाग उमटतात, आणि जो साबण चाळिशीत सोसला तो सत्तरीत झोंबतो. डिसेंबर-जानेवारीत नाशिक, पुणे, छत्रपती संभाजीनगरकडच्या कोरड्या थंडीत तर नडगीवर आटलेल्या तळ्याच्या तळासारखं भेगांचं जाळं दिसायला लागतं. रात्री पांघरुणात ऊब आली की खाज सुटते. म्हणून या वयात पहिला खर्च सुरकुत्यांवर करायचा नसतो. तो कोरडेपणावर करायचा. खाज थांबली, झोप लागली, नखांचे ओरखडे थांबले, की त्वचा अर्धी सुधारल्यासारखी दिसते.

अंघोळीपासून बचत

बिनपैशाचा उपाय आधी. कढत पाण्याची अंघोळ सोडा. कोमट पाणी, १० मिनिटांच्या आत अंघोळ, आणि साबण फक्त काखा, जांघा, पावलं एवढ्याच ठिकाणी. हातापायांना रोज साबण लावण्याची गरज घरात बसणाऱ्या माणसाला नसते. वजरी टाचांपुरती ठेवा. घोसाळ्याच्या काथ्यानं किंवा नायलॉनच्या जाळीनं पाठ आणि पाय खसाखसा घासणं या वयात बंदच करावं.

साबणाच्या बाबतीत एक गैरसमज खोलवर रुजलाय. वेष्टनावरचा टीएफएम, म्हणजे एकूण स्निग्धाम्लांचं प्रमाण, जितकं जास्त तितका साबण सौम्य, असं लोक धरून चालतात. भारतीय मानकाप्रमाणे पहिल्या प्रतीच्या टॉयलेट सोपमध्ये ते किमान ७६ टक्के असावं लागतं, दुसऱ्या प्रतीत ७०, तिसऱ्या प्रतीत ६०. हे आकडे साबण किती भरीव आहे ते सांगतात. झिजतो किती, फेस किती, भरताड किती, एवढंच त्यावरून कळतं. ७६ टक्क्यांचा साबणही शेवटी अल्कधर्मीच. त्याचा पीएच ९ ते १० असतो, आणि त्वचेचा साधारण ५ च्या आसपास. कोरड्या, पातळ त्वचेला ही तफावत जाचते.

सौम्य वडी ओळखायची खूण मागच्या घटकांच्या यादीत असते. सुरुवातीलाच 'सोडियम कोकॉयल आयसेथिओनेट' असं नाव दिसलं तर ती सिंडेट वडी आहे. ती नेहमीच्या अर्थानं साबण नाहीच. सुरुवातीला 'सोडियम पामेट' किंवा 'सोडियम टॅलोएट' असेल तर तो साधा साबण, मग वेष्टनावर दूध, बदाम, मध काहीही असो. सिंडेट वड्यांवर बऱ्याचदा 'बेदिंग बार' असं लिहिलेलं असतं आणि टीएफएम कमी असतो, म्हणून जाणकार म्हणवणारी मंडळी त्या नाकारतात. तसं करू नका. पण निव्वळ भरताड घातलेल्या हलक्या वड्यांवरही 'बेदिंग बार' हेच छापतात, तेव्हा निवाडा घटकांच्या यादीवरच करा. बाजारातल्या सर्वसाधारण सिंडेट वडीचे १०० ग्रॅमला ६० रुपयांच्या आसपास पडतात. त्वचारोगतज्ज्ञ लिहून देतात त्या वड्या १०० ते २५० रुपयांना मिळतात. बाटलीतलं सौम्य क्लिन्झर १२५ मिलीला २५० ते ४०० रुपये. साठीनंतरच्या निरोगी त्वचेला पहिली वडी पुरते. बाटलीतलं क्लिन्झर चेहरा फार झोंबत असेल तरच घ्या. करातला फरकही लक्षात असू द्या: २२ सप्टेंबर २०२५ पासून अंघोळीच्या वडीवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला, पातळ साबण आणि क्रीम-लोशनवरचा १८ टक्केच राहिला.

किती लागतं, ते मोजा

डॉक्टर मापासाठी 'बोटाचं पेर' वापरतात. ट्यूबमधून तर्जनीच्या शेवटच्या पेराएवढी रेघ काढली की ती साधारण अर्धा ग्रॅम होते, आणि तेवढ्यात मोठ्या माणसाच्या दोन तळव्यांएवढी जागा माखते. एका हाताला ३ पेरं लागतात, एका पायाला पावलासकट ८. म्हणजे दोन्ही हात, दोन्ही पाय मिळून २२ पेरं, ११ ग्रॅम. दिवसातून एकदा लावलं तरी महिन्याला ३३० ग्रॅम.

हा हिशेब एकदा कागदावर मांडला की बाजारातली निम्मी भुरळ उतरते. मिलीला ८० पैसे पडणारं लोशन घेतलं तर हातापायांचा महिन्याचा खर्च साधारण २६५ रुपये. सिरॅमाइडचं चांगलं क्रीम ग्रॅमला ५ रुपयांनी घेतलं तर १,६५०. निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या घरात दुसरा आकडा दोन महिने टिकेल, तिसऱ्या महिन्यात क्रीम 'थोडं थोडं' लावलं जाईल आणि उपयोग शून्य होईल. सिरॅमाइडला माझा विरोध नाही. ते त्वचेतल्या हरवलेल्या घटकाचीच भरपाई करतं आणि चेहऱ्याला उत्तम. पण पोटऱ्यांना ते परवडत नसेल तर हळहळू नका.

पोटऱ्यांना, नडग्यांना आणि टाचांना पेट्रोलियम जेली. ग्रॅमला एक ते दीड रुपया, मोठी डबी घेतली तर त्याहून कमी. त्वचेतलं पाणी उडू न देण्यात तिच्या तोडीचं फारसं काही नाही. तिच्यात वास नाही, परिरक्षक नाही, म्हणून ॲलर्जीही सहसा होत नाही. चिकट लागते ही तक्रार खरी आहे. त्यावर उपाय असा: अंघोळ झाली की पंचानं अंग टिपून घ्या, पुसून कोरडं करू नका, आणि अंग ओलसर असतानाच, तीनेक मिनिटांच्या आत, जेलीचा पातळ हात फिरवा. ओल्या अंगावर ती पसरते छान आणि लागतेही निम्मी. लोशनलाही हाच नियम. सकाळी अंघोळ करून, पूजा आटोपून, चहा घेऊन मग लोशन शोधायला गेलात, तर तोवर पाणी उडून गेलेलं असतं.

ग्लिसरीन आपल्या जुन्या पिढीला ठाऊकच आहे. १०० मिलीची बाटली शंभर रुपयांच्या आत येते. मात्र ते नुसतं लावू नये, पाण्यात मिसळून लावावं आणि वरून तेलाचा किंवा जेलीचा हात द्यावा. खोबरेल कोरड्या त्वचेवर खरोखर काम करतं, हे अभ्यासांतही दिसलंय. कोकणात, गोव्यात ते पिढ्यान्‌पिढ्या अंगाला लागतंय. ते मानवत असेल तर बदलायचं कारण नाही. मोहरीचं तेल आणि ऑलिव्ह तेल मात्र पातळ झालेल्या त्वचेवर लावू नका. ती दोन्ही त्वचेचा वरचा थर कमकुवत करतात.

टाचांच्या भेगांना आणि खवल्यांसारख्या नडग्यांना युरियाचं क्रीम. १० टक्क्यांच्या आसपासचं युरिया ओल धरून ठेवतं, २० टक्क्यांच्या वर गेलं की जाड कातडी मऊ करून सोडवतं. ग्रॅमला साधारण ३ ते ५ रुपये, पण टाचांपुरतं लागतं, एक ट्यूब महिना-दीड महिना सहज जाते. भेग ओली असेल, रक्त येत असेल तर युरिया झोंबतं, आधी चार दिवस जेली लावून ती भरू द्या. मधुमेह असलेल्यांनी पायाच्या बोटांच्या बेचक्यांत काहीही चिकट लावू नये, तिथे बुरशी धरते.

दोन धोके सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तळपायांना तेल-जेली लावून फरशीवर चालणं म्हणजे मांडीचं हाड मोडून घेण्याची तयारी. पलंगावर बसून लावा आणि सुती मोजे घाला, तेही रात्री बाथरूमला उठायचं असेल तर तळाला पकड असलेले. दुसरा धोका आगीचा. जेली, पॅराफिनची क्रीमं, तेल रोज मुरून साडीचा पदर, गाऊन, पांघरूण धुतल्यावरही चिकट राहतं, आणि असं कापड झटकन पेटतं. समई, निरांजन, गॅसची शेगडी यांच्याजवळ रोज वावरणाऱ्या आजींसाठी ही काळजी फार मोलाची. असे कपडे गरम पाण्यात वेळच्या वेळी धुवा आणि पदर खोचून मगच ज्योतीपाशी जा.

चेहऱ्यावर काय आणि किती

चेहरा आणि मान मिळून अडीच पेरं, म्हणजे सव्वा ग्रॅम. ग्रॅमला ४ रुपयांचं सुगंधविरहित क्रीम रोज एकदा लावलं तर महिन्याला दीडशे रुपये. इथे सिरॅमाइड किंवा ग्लिसरीन घातलेलं जाडसर क्रीम घ्यावं. डोळ्यांखालचं म्हणून १५ ग्रॅमची वेगळी ट्यूब, मानेचं वेगळं, रात्रीचं वेगळं, दिवसाचं वेगळं, हे सगळं टाळता येतं. घटकांच्या याद्या शेजारी ठेवून वाचा, फरक बहुधा डबीच्या आकारातच सापडेल.

सुरकुत्या आणि काळपट डाग यांत उन्हाचा हात मोठा, म्हणून बाहेर पडणाऱ्यांनी सनस्क्रीनवर पैसे घालावेत. एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के यूव्हीबी किरण अडवतं, ५० सुमारे ९८. एका टक्क्यासाठी दुप्पट पैसे मोजू नका. ३० किंवा ५०, शिवाय 'पीए'पुढे किमान तीन अधिक चिन्हं, एवढं पुरे. माप दोन बोटांचं: तर्जनी आणि मधल्या बोटावर भरून रेघ ओढायची, तेवढं चेहऱ्याला आणि मानेला. ५० ग्रॅमची ट्यूब ४० दिवसांत संपली पाहिजे. सहा महिने पुरली तर ती नुसती सांत्वनापुरती लागतेय, असं समजा. ५० ग्रॅमला ३०० ते ९०० रुपये असा भाव आहे. ४०० ची घेतली तर रोजचे १० रुपये, महिन्याचे ३००. डोळे झोंबत असतील तर झिंक ऑक्साइडचं घ्या. वांग असेल तर आयर्न ऑक्साइड घातलेलं, किंचित रंगाचं सनस्क्रीन जास्त उपयोगी, कारण आपल्या सावळ्या त्वचेत वांग नुसत्या दिसणाऱ्या प्रकाशानंही वाढतं. सकाळी आठच्या आत फिरून येणाऱ्या आणि नंतर घरात असणाऱ्या माणसाला या खर्चाची गरज नाही. छत्री, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा आणि रुंद काठाची टोपी, यांचा खर्च एकदाच होतो. रक्तदाबासाठी हायड्रोक्लोरोथायझाइड असलेली गोळी चालू असेल तर त्वचा उन्हाला जास्त हळवी होते. अशांनी छत्री विसरू नये.

सुरकुत्यांवर लावायच्या औषधांत सर्वांत जास्त पुरावा आहे ट्रेटिनॉइनचा. उन्हानं जून झालेल्या त्वचेवरचा त्याचा उपयोग अमेरिकेतले त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी १९८६ मध्ये मांडला, आणि त्यानंतर तो अनेकांनी पडताळला. ०.०२५ टक्क्यांची २० ग्रॅमची ट्यूब साधारण दीडशे ते साडेतीनशे रुपयांना येते. रात्री वाटाण्याएवढंच लागतं, तेही सुरुवातीला दोन-तीन दिवसांआड, म्हणून ट्यूब चार-पाच महिने पुरते. महिन्याला शंभर रुपयेही पडत नाहीत. हे चिठ्ठीवरचं औषध आहे आणि पातळ त्वचेला पहिले काही आठवडे ते सोलवटून काढतं, म्हणून त्वचारोगतज्ज्ञाला विचारूनच सुरू करावं. दुकानात खुलं मिळणारं रेटिनॉल त्याचंच सौम्य भावंड. ३० मिलीला ५०० ते ७०० रुपये, परिणाम मंद. ज्यांना दोन्ही सोसत नाही त्यांनी ४-५ टक्क्यांचं निॲसिनमाइड बघावं, ते शांत असतं. १० टक्क्यांचं घेतलं म्हणून दुप्पट गुण येत नाही, लाली मात्र येऊ शकते. कोलॅजेनच्या क्रीमवर खर्च करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कोलॅजेनचा रेणू इतका मोठा असतो की तो त्वचेतून आत शिरत नाही. क्रीम म्हणून ते ओल धरतं, आणि तेवढं काम ग्लिसरीन करतंच.

वेष्टन वाचताना

'डर्माटोलॉजिस्ट टेस्टेड', 'हायपोअलर्जेनिक', 'नॅचरल', 'केमिकल-फ्री' या शब्दांना काटेकोर मोजमाप नाही. त्यांच्यासाठी जादा पैसे देऊ नका. कामाचा शब्द एकच, 'फ्रॅग्रन्स-फ्री', आणि तोही यादीत पडताळून घ्यावा. यादीत 'परफ्यूम', 'पार्फम' किंवा 'फ्रॅग्रन्स' दिसलं तर खोकं परत ठेवा. 'अनसेंटेड' लिहिलेल्या मालात मूळ वास झाकायला दुसरा वास घातलेला असू शकतो. लव्हेंडर, टी ट्री, लिंबूवर्गीय तेलं ही नैसर्गिक असली तरी ॲलर्जी देणाऱ्यांतलीच. परिरक्षकांत 'मिथाइलआयसोथायाझोलिनोन' हे नाव लांबलचक आहे, पण ओळखून ठेवा. अंगावर राहणाऱ्या क्रीममध्ये ते नकोच.

वेष्टनावर उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, मुदतीची तारीख, घटकांची यादी हे सगळं असलं पाहिजे. परदेशी मालावर आयात नोंदणीचा क्रमांक आणि आयातदाराचा पत्ता हवा. सौंदर्यप्रसाधनांच्या २०२० च्या नियमांत हे बंधनकारक आहे. ऑनलाइन 'एकावर एक फुकट' बघितलं की मुदतीची तारीख आधी विचारा. तीन महिन्यांत मुदत संपणारी दोन लोशनं हातापायांना लावून संपतील, तर खुशाल घ्या. तशाच दोन सनस्क्रीन घेऊ नका.

नवीन काहीही थेट तोंडावर नको. कोपराच्या आतल्या बाजूला नाण्याएवढ्या जागेवर, सकाळ-संध्याकाळ, आठवडाभर लावून बघा. एका रात्रीत कळत नाही, कित्येक ॲलर्जी चार-पाच दिवसांनी उठतात.

जिवावर बेतणारी स्वस्ताई

आतापर्यंत पैशांचं बोललो. आता ज्या दोन डब्या घरात असूच नयेत, त्यांच्याविषयी.

पहिली, स्टिरॉइडची. शेजारणीला गुण आला म्हणून तिच्या ट्यूबचं नाव चिठ्ठीवर लिहून आणायचं आणि मेडिकलवाल्याकडून तीच घ्यायची, ही सवय गावोगाव आहे. ट्यूब पन्नास ते दीडशे रुपयांची, आठ दिवसांत चेहरा उजळतो, खाज थांबते. घटक वाचले तर बीटामेथासोन, क्लोबेटासॉल किंवा मोमेटासोन. डागांच्या काही क्रीममध्ये हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन तिन्ही एकत्र असतात. महिनोन्‌महिने लावलं की मुळातच पातळ झालेली त्वचा आणखी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, केस उगवतात, आणि क्रीम थांबवलं की चेहरा पेटल्यासारखा होतो. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी या नुकसानीविरुद्ध बरीच वर्षं आवाज उठवला, तेव्हा २०१८ मध्ये केंद्र सरकारनं १४ स्टिरॉइड क्रीमं चिठ्ठीशिवाय विकण्यावर बंदी आणली. खोक्यावर 'आरएक्स' आणि डॉक्टरच्या चिठ्ठीवरच विकण्याची सूचना असेल तर ते कॉस्मेटिक नाही, औषध आहे. डॉक्टरनं दिलेलं स्टिरॉइड योग्यच असतं, पण ते सांगितलेल्या दिवसांपुरतं. उरलेली ट्यूब कपाटात जपून ठेवू नये. आणि आधीच बरेच महिने लावत असाल तर एकदम बंद न करता डॉक्टरला दाखवा.

दुसरी, पाऱ्याची. अकोल्यात एका कुटुंबातल्या तिघींनी ब्युटिशियनकडून घेतलेलं गोरेपणाचं क्रीम लावलं आणि तिघींच्याही मूत्रपिंडांना इजा झाली, हे २०२३ च्या सुरुवातीला समोर आलं. मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्या क्रीमची तपासणी झाली तेव्हा त्यात पाऱ्याचं प्रमाण प्रचंड निघालं. नियमांप्रमाणे डोळ्यांभोवतीची प्रसाधनं सोडता इतर कुठल्याही प्रसाधनात, तेही अनवधानानं आलेला, पारा दहा लाख भागांत एका भागाहून जास्त असता कामा नये. बिनलेबलची डबी, पार्लरमध्ये स्वतः भरून दिलेलं 'हर्बल' क्रीम, परदेशातून कुणी तरी आणलेली गोरेपणाची ट्यूब, यांना वयाच्या पासष्टीला हात लावू नका. या वयात मूत्रपिंडं आधीच थकलेली असतात. पाऱ्यानं त्वचा उजळते खरी, म्हणूनच लोकांचा विश्वास बसतो.

घरगुती उपायांचं थोडक्यात. डाळीच्या पिठात साय कालवून चेहरा पुसून घ्यायला हरकत नाही, चोळू मात्र नये. उटणं दिवाळीच्या चार दिवसांत ठीक, रोज नको. लिंबाचा रस चेहऱ्यावर नको. तो लावून उन्हात गेलं तर भाजल्यासारखे चट्टे उठतात आणि काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. कपाळावर टिकलीच्याच आकाराचा पांढरा डाग दिसू लागला तर टिकलीमागचा गोंद कारण असू शकतो. काही गोंदांतल्या रसायनानं त्वचेचा रंग जातो. टिकली तेव्हाच थांबवा. कुंकवानंही खाज उठते, आणि केसांच्या काळ्या रंगातल्या पीपीडी या रसायनानं कपाळ, कान, पापण्या सुजतात. चेहऱ्याच्या क्रीमला दोष देत तीन डब्या बदलण्यापूर्वी हे तिन्ही तपासा, पैसे वाचतील.

सगळं मिळून

हातापायांना लोशन २६५, चेहऱ्याचं क्रीम १५०, सनस्क्रीन ३००, वडी ६०. सगळे मिळून महिन्याला ७७५ रुपये. घरातच असणाऱ्याला सनस्क्रीन वजा जाता ४७५. टाचांचं युरिया आणि जेलीची डबी यांचा खर्च थंडीच्या चार महिन्यांपुरता. लोशनऐवजी घरचं खोबरेल वापरणाऱ्याचा आकडा आणखी खाली येतो. भाव गावागणिक आणि दुकानागणिक थोडेफार सरकतील, पण हिशेबाची रीत हीच. याहून जास्त खर्च करायची ऐपत असेल, तर पहिले जास्तीचे पैसे त्वचारोगतज्ज्ञाच्या एका भेटीवर घाला. मोठ्या शहरांत ६०० ते १,५०० रुपये, तालुक्याच्या गावी बरेच कमी. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत, जिल्हा रुग्णालयात त्वचेची ओपीडी कोणत्या वारी असते ते विचारून जा.

एमआरपीपेक्षा जास्त पैसे घेतले, मुदत संपलेला माल दिला, वेष्टनावर काही नाव-पत्ताच नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५, तिथे मराठीतही बोलता येतं. क्रीमच्या गुणवत्तेची तक्रार जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे करायची. डबी फेकू नका, उरलेलं क्रीम आणि बिल जपून ठेवा, तेच पुरावा असतं. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात विनाशुल्क दाखल होते, वकील लागतोच असं नाही.

काही गोष्टींवर मात्र क्रीम शोधत बसायचं नसतं. महिनाभर नेमानं लोशन लावूनही अंगभर खाज राहिली तर रक्त तपासून घ्या. थायरॉइड, मूत्रपिंड, यकृत, लोहाची कमतरता, यांपैकी काहीही मागे असू शकतं. रात्री घरातल्या दोघा-तिघांना खाज सुटत असेल तर ती बहुधा खरूज, आणि तिच्यावर सगळ्यांनी एकाच वेळी उपचार करायचा असतो. खाजेनंतर पाण्यानं भरलेले ताठ फोड आले तर त्याच आठवड्यात डॉक्टरकडे जा. मधुमेहाच्या ग्लिप्टिन गटातल्या गोळ्यांशी अशा फोडांच्या आजाराचा संबंध आढळलाय, पण गोळी आपल्या मनानं बंद करू नका. न भरणारी जखम, वाढणारा किंवा रंग बदलणारा तीळ, हेही दाखवायचंच. जाताना अंगाला लागणारं सगळं, साबण, तेल, टिकलीचं पाकीट, केसांचा रंग, आणि चालू गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत घालून न्या. डॉक्टरला त्या पिशवीतूनच निम्मं निदान सापडतं.